हातचा राहिला

तेलाच्या झाकणाखाली खवा निघाला.

मेस्त्रींनी झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. आतल्या बाजूला फिकट तपकिरी, चिकट थर, साखर घालायच्या आधीच्या खव्यासारखा. त्यांनी बोटावर थोडा घेतला, अंगठ्यानं चोळला आणि म्हणाले, "एवढ्यावरनं काय न्हाई सांगत मी. पावसाळ्यात गाडी नुसती बाजारापर्यंत फिरवली तरी झाकणाला हे येतंय." मग तेलाची पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, परत काढली. पट्टीच्या टोकालाही तेच. काळं तेल दिसायच्या जागी दुधाळ कॉफी. "आता सांगतो. पाणी तेलात गेलंय, मॅडम. हेड उतरवायला लागतंय." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग.

सतरा वर्षांची गाडी. २००७ च्या दसऱ्याला घेतलेली, लहान, पेट्रोलवर चालणारी, एक लाख बत्तीस हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. दोष कुणाचा ते येईलच.

त्याआधी तीन दिवस मी आणि सासूबाई जोतिबाला निघालो होतो. चैत्र यात्रा होऊन आठवडा झालेला, गर्दी ओसरलेली, पण घाटाच्या कडेला दगडाधोंड्यांवर अजून गुलाल. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा, जो सतरा वर्षांत निम्म्याच्या वर कधी गेला नव्हता, तो पाऊण झाला. तिसऱ्या वळणावर लाल रेघेला टेकला. एसी बंद करून हीटर पूर्ण उघडायचा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते, हे मला कुठूनतरी माहीत होतं. मी तसं केलं. एप्रिलचे अकरा वाजलेले. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, एसी लावलास का भट्टी?"

उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. बॉनेट उघडल्यावर वाफ. रसवाला मदतीच्या भावनेनं पाण्याची कळशी घेऊन धावत आला, त्याला मी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर बीड तडकतं. पाऊण तास थांबलो. सासूबाईंनी दोन ग्लास रस घेतला, रसवाल्याच्या आईची चौकशी केली, आणि जोतिबाला तिथूनच हात जोडले. परतीचा सगळा उतार होता म्हणून घरी आलो.

घरी सगळ्यांचा निकाल लागलेलाच होता. नवरा म्हणाला, आता नवी बघू. लेक पुण्याहून म्हणाली, आई, अजून किती वर्षं तो डबा चालवणार आहेस? शेजारचे म्हणाले, इंजिनाला हात लावलात की बोअरवेल खणल्यासारखं असतं, पैसे खाली जातात, वर काय येईल सांगता येत नाही.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. एवढ्या लोकांचं मत असलेल्या प्रश्नाला उत्तर असणारच, असा माझा समज. रात्री फुलस्केप कागद घेऊन मधोमध रेघ मारली. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे नवी गाडी. मेस्त्रींचा अंदाज तेवीस-चोवीस हजारांचा. नवी तेवढीच गाडी रस्त्यावर यायला सात लाख चाळीस हजार. दोन लाख चाळीस हजार जवळचे घातले आणि पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याला १०,३८० रुपये हप्ता. नुसतं व्याजच सव्वा लाखाच्या जवळ. म्हणजे सगळी दुरुस्ती अडीच हप्त्यांच्या आत.

नवऱ्यानं तोच हिशोब मोबाइलमध्ये केला आणि त्याचं उत्तर उलटं आलं. त्यानं जुनीचा मायलेज धरला होता, पुढं निघणारे खर्च धरले होते, आणि "मनस्ताप" असा एक रकाना करून त्यात वर्षाला वीस हजार लिहिले होते. मनस्तापाचा आकडा कुठून आणलास, असं विचारलं तर म्हणाला, तुझ्याच चेहऱ्यावरून.

मायलेजचं मात्र मी तपासलं. आमची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते, फार तर. जुनी लिटरला पंधरा देते, नवी वीस देईल. वर्षाला त्र्याऐंशी लिटरचा फरक. लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेनऊ हजार. वर्षभराच्या बचतीत एक हप्तासुद्धा बसत नाही. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्या माणसाचं उत्तर वेगळं येईल आणि ते बरोबरच असेल. पण शाळा, भाजी, दवाखाना आणि महिन्यातून एकदा पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्यांनी मायलेजचं नाव घेऊ नये.

आणखी एक नियम मला तीन जणांनी सांगितला: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला की गाडी काढून टाकायची. आमच्या गाडीला चालू अवस्थेत पंचावन्न हजार मिळाले असते, बंद अवस्थेत भंगारवाला बावीस म्हणत होता. म्हणजे आम्ही अगदी काठावर. नियम ऐकायला छान आहे, पण मला तो कधी पटला नाही. गाडीची बाजारातली किंमत ही ती विकणाऱ्याच्या कामाची. मी विकणार नसेन तर मला विचारायचं ते एवढंच, की या चोवीस हजारांत याहून बरं काय येतं? चोवीस हजारांत चार चाकं आणि एक छप्पर असलेलं काहीही येत नाही. नवीची गत वेगळीच. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. साडेसात लाखांच्या वस्तूचं निम्मं काय होतं ते मुलांना तोंडी करायला देते मी.

गेल्या वर्षी क्लच बदलला होता, चारही टायर नवे घातले होते. "एवढे घातलेत, आता कसं सोडायचं" असं माझ्या तोंडून एकदा निघालं आणि नवऱ्यानं बरोबर पकडलं. गेलेला पैसा हिशोबात धरायचा नसतो. ते मान्य. पण टायर गेलेले नाहीत ना, ते खाली आहेत.

कागद भरला, तरी निर्णय होईना. पोरं बेरीज करताना सगळे आकडे नीट मांडतात आणि हातचा विसरतात, तसं काहीतरी वाटत होतं.

दोन दिवसांनी मेस्त्रींनी बोलावलं. हेड उतरवायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, बघायचं म्हणाले. चारही प्लग काढले, प्लगच्या भोकात एकेक करून घड्याळासारखं गेज लावलं आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. पहिला सिलिंडर १५५. दुसरा ९५. तिसरा ९०. चौथा १५०. मी सवयीनं हातावर पेनानं लिहून घेतले.

मग त्यांनी जे केलं ते मला फारच आवडलं. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत मोजलं. पहिला १७० वर गेला, चौथा १६५ वर. दुसरा आणि तिसरा जागचे हलले नाहीत. "कळलं का?" मेस्त्री म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल त्या फटीत बसतं आणि थोडा वेळ दाब वाढतो. पहिल्याचा आणि चौथ्याचा वाढला, म्हणजे रिंगा थोड्या झिजल्यात, वयाप्रमाणं. दुसऱ्या-तिसऱ्याचा वाढलाच नाही, आणि ते दोघं शेजारी. शेजारच्या दोघांचा दाब एकदम जातो तेव्हा त्यांच्यामधली भिंत फुटलेली असते. भिंत म्हणजे गॅस्केट, हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधला पातळ थर. एक चमचा तेलात चार अज्ञात राशींचं समीकरण सुटलं. शाळेत मी हे फळाभर खडू घासून करते.

"म्हणजे सिलिंडर आतून घासून बोअर करायची गरज नाही?"

"करायचं तर करतो की. फुल इंजिन बांधून देतो, अजून तीस-पस्तीस हजार घ्या. पण मी न्हाई सांगणार. रिंगा अजून दोन-तीन वर्षं काढतील. हजार किलोमीटरला पाव लिटर तेल पिईल, घाला. तुम्हाला काय मुंबईला जायाचंय रोज?"

आमच्याकडे इंजिन "बांधतात", घर बांधतात तसं. दुरुस्त करणं हा शब्द गॅरेजमध्ये मी फारसा ऐकलेला नाही.

आणि मग रेडिएटर. त्यांनी खालची नळी सोडली, बादलीत पाणी पडलं, ते गेरू कालवल्यासारखं लाल. मेस्त्रींनी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कूलंट कवा घातलंवतं?"

इथं दोष कुणाचा ते येतं. दोन उन्हाळे मी त्या पांढऱ्या डब्यात कूलंटच्या ऐवजी बोअरवेलचं पाणी ओतत होते. पातळी खाली गेली की तांब्या आणायचा आणि ओतायचं. तीनशे रुपयांची बाटली आणायला वेळ नव्हता, आणि पाणी ते पाणीच, असं मनात. कूलंटमध्ये गंज न चढू देणारी द्रव्यं असतात आणि ते पाण्याइतक्या लवकर उकळत नाही. बोअरच्या पाण्यात क्षार. क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदल्या, रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट अर्धवट अडकला, इंजिन तापलं. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. त्या दोघांच्या ओढाताणीत मधलं पातळ गॅस्केट फाटलं.

मेस्त्रींनी मला आडून वाचवायचा प्रयत्नही केला. म्हणाले, "आता पेट्रोलमध्येच राम न्हाई. निम्मं उसाचं असतंय." निम्मं नाही, वीस टक्के. देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं. कोल्हापूरच्या माणसानं त्याविरुद्ध बोलणं अवघड आहे, कारण तो ऊस आपल्याच पट्ट्यातून कारखान्यांत जातो आणि आपल्याच भाऊबंदांच्या खात्यावर बिल जमा होतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणून मायलेज थोडा पडतो, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या आम्ही बदलून घेतल्या. पण माझं गॅस्केट उसानं फाडलं नाही, तांब्यानं फाडलं.

हेड सपाट आहे का बघायला उद्यमनगरात न्यायचं होतं. मेस्त्री म्हणाले पोरगं जाईल, मी म्हटलं मीही येते. शाळेला सुट्टी लागली होती.

उद्यमनगर मला लहानपणापासून वासानं माहीत आहे. कटिंग ऑइल, तापलेलं लोखंड आणि चहा. गुऱ्हाळांच्या आणि विहिरींच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता कोल्हापूरनं इंजिनं बनवायला घेतली, आणि आता शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. दहा बाय पंधराच्या गाळ्यात एक म्हातारे कारागीर बसले होते. त्यांनी माझं हेड उपडं करून टेबलावर ठेवलं, त्यावर एक पोलादी पट्टी तिरपी धरली आणि पट्टीखाली पातळ पात्यांचा जुडगा सरकवून बघू लागले. पाच शतांश मिलिमीटरचं पातं गेलं. दहाचं गेलं. पंधराचं अडकलं.

"पाच चालतंय," ते म्हणाले. "दहाच्या वर गेलंय. फेसिंग करतो." माणसाचा केस जाडीला साधारण सात शतांश. म्हणजे दीड-दोन केसांच्या वाकड्यापायी आम्ही जोतिबाच्या घाटात रस पीत बसलो होतो.

आधी हेडची भोकं बंद करून, हवा भरून पाण्यात बुडवलं. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे चीर नाही. मग मशिनवर चढवलं. पहिल्यांदा दगड फिरला तेव्हा काही ठिकाणी चकाकलं, काही ठिकाणी काळं राहिलं. जिथं खोलगट तिथं काळं. दुसऱ्या फेरीत काळं आकसलं. तिसऱ्या फेरीत दोन सिलिंडरांच्या मधोमध अंगठ्याएवढं उरलं, नेमकं जिथं गॅस्केट फाटलं होतं तिथं. चौथ्या फेरीला सगळं आरशासारखं. कारागिरांनी त्यावरनं तळहात फिरवला आणि मला म्हणाले, "बघा हात लावून." मी लावला. एवढी सपाट वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होते. वर्गात "प्रतल" शिकवताना मी टेबलाकडे बोट दाखवते.

मजुरी विचारली तर जो आकडा सांगितला त्यात पिझ्झा येतो, मोठा.

तोवर मेस्त्रींनी गाडी उचलून, पत्रा गंजलाय का ते खालून बघितलं होतं. हे मला आधी कळायला हवं होतं. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा वाढली की आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत बोलतो: ३९ इशारा, ४३ धोका. २०१९ ला आणि २०२१ ला गाडी वेळेत राजारामपुरीत मैत्रिणीकडे नेऊन ठेवली होती. गल्लीतल्या एकानं बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर उत्साहानं सुरू केली. सिलिंडरात पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्याचा कनेक्टिंग रॉड वाकला. आमची वाचली, तरी मेस्त्री सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेले. बहुतेक जागी टण. डाव्या दाराखाली एका जागी भद. "एवढं वेल्डिंग करून घेऊ. पत्रा सगळा असा असता तर इंजिनाला हातच लावला नसता मी. इंजिन बांधता येतंय, मॅडम. पत्रा बांधता येत न्हाई." सगळं घर दोन आठवडे इंजिनाबद्दल भांडत होतं आणि गाडी भंगारात जाते ती पत्र्यामुळं, हे कुणाच्या कागदावर नव्हतंच.

मधल्या काळात शोरूमला जाऊन आलो. नवऱ्याचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर माझीही इच्छा होती. नव्या गाडीचा वास कुणाला आवडत नाही? उंच गाडी होती, पडद्यावर मागचं दिसायचं, दार बंद केलं की बाहेरचं जग बंद. सासूबाईंनी एक पाय वर ठेवला, दांडा धरला, आणि तिथंच राहिल्या. दुसरा पाय येईना. सेल्समन मुलगा बिचारा घाबरला. मग शेजारची बुटकी गाडी दाखवली, तीत त्या सहज बसल्या, पण निघता येईना. त्यांचे गुडघे बदला म्हणून डॉक्टर चार वर्षं सांगतायत, त्या ऐकत नाहीत. आमच्या जुन्या गाडीची सीट बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीला आहे. पाठ करायची, टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. हा एक हातचा माझ्या कागदावर राहिला होता.

दुसरा लेकीनं आणून दिला, आणि तो मला अजून सलतो. तिनं फोनवर शांतपणे विचारलं, "आई, तुझ्या गाडीत एअरबॅग आहे?" नाही. २००७ च्या आमच्या गाडीत नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम न होऊ देणारी सोय, ती पण नाही. एबीएस २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅगा २०२२ पासून. मेस्त्री हेड आरशासारखं करून आणतील, पण स्टिअरिंगमध्ये नसलेली उशी त्यांना बसवता येणार नाही. नवी गाडी घ्यायचं हेच एक कारण मला खोडता आलं नाही. खोडायचा प्रयत्न केला, म्हटलं गावात चाळीसच्या वर कुठं जाते. ती म्हणाली, "आणि हायवेला?"

म्हणून आम्ही ठरवलं ते असं, अर्धंमुर्धं: गाडी बांधायची, पण ती हायवेला काढायची नाही. पुण्याला एसटीनं जायचं. आणि ऑक्टोबर २०२७ पर्यंत. पंधरा वर्षं झाल्यावर २०२२ ला पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती, त्याच वर्षी ती फी सहाशेवरनं पाच हजार झालेली, तेव्हा नवऱ्यानं "हीच वेळ आहे" म्हटलं होतं. ती संपेल तेव्हा परत बघू. तो म्हणतो मी नुसती तारीख पुढं ढकलली. खरं आहे.

दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. राजाराम महाराजांच्या काळातली, जर्मन बनावटीची, आणि अजून स्वतःच्या इंजिनावर चालत येते. नवऱ्याला ती फार आवडते, दरवर्षी मोबाइल वर धरून उभा राहतो. त्याला मी एवढंच म्हटलं की तिला कुणी मायलेज विचारत नाही. तो म्हणाला, ती वर्षातून एकदा निघते आणि तिला भाजी आणायची नसते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडी घरी आली तेव्हा बिल सव्वीस हजार दोनशे झालं होतं, वेल्डिंग आणि नळ्या धरून. मेस्त्रींनी जुनं गॅस्केट मागितल्यावर दिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधली पट्टी जळून तुटलेली आहे, करंगळीच्या नखाएवढी. मी ते वर्गात नेलं. शेवटच्या बाकावरच्या एकाच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथ आहे, त्यानं लांबूनच ओळखलं.

कूलंटच्या डब्यावर मी मार्करनं रेघ मारून तारीख घातली आहे. तेलाची पट्टी रविवारी नवरा बघतो, मी सांगितलेलं नसताना. पुसतो, घालतो, काढतो, उजेडात धरतो.

शोरूमचा फोन मात्र अजून येतो. परवा मी अंघोळीला होते, सासूबाईंनी उचलला. बाहेर आले तर त्यांचं चाललं होतं, "गाडी बरी हाय बाळा तुमची, रंग पण चांगला हाय. पायरी तेवढी खाली करा, मग बघू."